गृहपाठ मुलाचा की घराचा?

मंडळी, मागच्या भागात आपण दप्तराच्या ओझ्याविषयी बोललो. त्यानंतर तुमच्याकडून जे प्रश्न आले, त्यांतले बरेचसे दप्तरातल्या एकाच वस्तूबद्दल होते, गृहपाठाच्या वहीबद्दल. पहिली ते चौथीच्या मुलाचा अभ्यास घरी किती घ्यायचा, आणि घेता येत नसेल तर काय करायचं? आज आपण तेवढंच बघू.

आधी नियम काय आहेत ते सांगून टाकतो. 1993 साली प्रा. यशपाल समितीने आपल्या अहवालात स्पष्ट म्हटलं, की प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये. घराच्या आसपास काही शोधायला, बघायला सांगायचं असेल तर सांगावं. 2018 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीचा गृहपाठ बंद करायला सांगितलं. आणि 2020 च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं आहे. आठवड्याला बरं का, रोज नव्हे! सहा दिवसांची शाळा धरली तर दिवसाला वीस मिनिटं झाली. आता तुमच्या घरी किती वेळ जातो, तो तुम्हीच मोजा.

मग इतका गृहपाठ येतो कुठून? शिक्षकांना विचारलं तर ते म्हणतात, नाही दिला तर पालकच विचारायला येतात, ‘सर, हल्ली शाळेत काही शिकवत नाही का?’ हे खरं आहे. भरलेली वही हा आपल्याकडे शाळा चालू असल्याचा पुरावा मानला जातो. अमेरिकेतले अभ्यासक हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 ते 2003 या काळातलं तिथलं संशोधन एकत्र करून तपासलं. वरच्या वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा बऱ्यापैकी संबंध दिसला, लहान वर्गांत तो फारच कमी होता. ते संशोधन तिथल्या शाळांचं आहे, हे खरं. पण ‘लहानपणी जितकं लिहील तितकं पुढे जाईल’ या समजुतीला त्यातून काही आधार मिळत नाही.

आम्हाला मात्र गुणांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. दुसरीच्या मुलीला जलचक्राचा तक्ता करून आणायला सांगितला, तर तो कोण करतं? कार्डशीट कापायला, चित्रं चिकटवायला आई रात्री अकरापर्यंत बसते. किंवा बाबा स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तयार कागद आणतात. सकाळी वर्गात शाबासकी मुलीला मिळते, खरं तर तपासलं गेलेलं असतं घर.

आता दुसरं घर घ्या. बीडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि काही मुलं मागे आजीजवळ राहतात. आजीला अक्षरओळख नाही. वही कोरी जाते, आणि त्यावर लाल शाईत शेरा येतो : ‘पालकांनी लक्ष द्यावे.’ हा शेरा कोण वाचणार? आजीला वाचता येत नाही. तो वाचतं ते मूलच. आपलं घर कुठेतरी कमी आहे, हे सात-आठ वर्षांचं मूल त्या शेऱ्यातून शिकतं. लिहिणाऱ्या शिक्षकाच्या मनात तसं नसतं, हे आम्ही मान्य करतो. परिणाम मात्र तोच होतो.

बरं, शिकलेल्या घरात तरी सगळं सरळ असतं का? 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावन्न’बरोबर ‘पन्नास सात’ असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? गणित अभ्यासगटाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. कारण साधं होतं. ‘सत्तावन्न’ म्हणताना सात आधी येतो, लिहिताना पाच आधी. मूल ऐकतं तसं लिहितं, म्हणजे 75. पण घरी पालक म्हणाले, ‘हे काय भलतंच? आम्ही नाही शिकलो का!’ शाळेत एक रीत, घरी दुसरी, आणि दोन्हीकडे आवाज चढलेला. वजाबाकीतही हेच होतं. बाईंनी दशकाचा गठ्ठा सोडून दाखवलेला असतो, आणि आपण घरी ‘शेजाऱ्याकडून एक उसना घे’ एवढंच सांगतो. मुलाला उत्तर येतं, पण तो एक म्हणजे दहा कसा झाला, हे राहूनच जातं.

म्हणून आमचं मत असं, की पालकांनी घरी दुसरा मास्तर होऊ नये. ‘बाईंनी कसं करून दाखवलं, मला दाखव बरं’ एवढं विचारायचं आणि खरोखर ऐकायचं. हे निरक्षर आजीलाही जमतं, किंबहुना तिला जास्त चांगलं जमतं, कारण उत्तर तिला आधीपासून ठाऊक नसतं! राज्यात शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ उपक्रमात आयांचे गट केले, त्यामागेही हाच विचार होता : भाज्या निवडताना मोजायच्या, कपडे रंगांप्रमाणे लावायचे, गोष्ट सांगायची. त्याला वही लागत नाही.

आणि जे मुलाला येत नाही ते भरून देऊ नका. जागा कोरी सोडा, खाली एक ओळ लिहा : ‘हे त्याला अजून समजलेलं नाही.’ लिहिता येत नसेल तर मुलाने तोंडी सांगावं. शिक्षकाला हवी असते ती हीच माहिती, आणि सुबक भरलेल्या वहीत नेमकी तीच लपते.

राहिला प्रश्न शाळेशी बोलायचा. एकट्याने बोलायला संकोच वाटतो, हे समजू शकतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. विनाअनुदानित शाळेत हा विषय पालक-शिक्षक सभेत काढावा लागेल. तिथे ‘गृहपाठ बंद करा’ असं म्हणू नका, वाद होईल. एवढंच विचारा : दिलेलं काम मूल कोणाच्याही मदतीशिवाय करू शकेल का, आणि ते दुसऱ्या दिवशी कोण, केव्हा बघणार?