इतिहाससंशोधनातील संगणक

ऐतिहासिक साधनांचे जतन, सूचीकरण, वाचन, कालनिर्णय व विश्लेषण यांसाठी संगणकाचा उपयोग करण्याची पद्धती.

महाराष्ट्राच्या मध्ययुगीन व पेशवेकालीन इतिहासाची बरीचशी मूळ साधने मोडी लिपीत आहेत. पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी निवडलेली कागदपत्रे १९३०–३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाली. तथापि संपूर्ण दप्तराच्या मानाने हा भाग अल्पच होय. कागदांच्या प्रतिमा संगणकात साठविल्यास मूळ कागदांची हाताळणी कमी होते. मात्र व्यक्ती, स्थळ, तारीख व विषय यांची सूची जोडल्याशिवाय त्या शोधास उपयोगी पडत नाहीत. मोडीत शब्द सहसा तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ भेद काटेकोरपणे पाळला जात नाही आणि अक्षरांचे वळण लेखकागणिक बदलते. त्यामुळे यंत्राने केलेले वाचन जाणकाराकडून तपासून घ्यावे लागते. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७·० या आवृत्तीत मोडीचा समावेश झाल्याने मूळ मजकूर त्याच लिपीत संगणकावर नोंदविणे शक्य झाले.

तिथी व इंग्रजी तारीख यांचा मेळ घालण्यासाठी पूर्वी जंत्र्या वापरीत. हे गणित संगणक क्षणार्धात करतो. परंतु पोर्तुगीजांनी ग्रेगरियन पंचांग सोळाव्या शतकातच स्वीकारले, तर इंग्रज १७५२ पर्यंत जूलियन पंचांग पाळीत. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे शिवराज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ ही तिथी जूलियन गणनेने ६ जून १६७४, तर ग्रेगरियन गणनेने १६ जून ठरते. कोणते पंचांग गृहीत धरले, हे न नोंदविल्यास संगणकाचे अचूक गणितही चुकीचा निष्कर्ष देते. तसेच शिवजन्माच्या शके १५४९ व १५५१ या दोन परंपरांपैकी विश्वसनीय कोणती, हे गणिताने ठरत नाही. त्यासाठी जेधे शकावलीसारख्या साधनांची चिकित्साच करावी लागते.

स्थलेतिहासातही संगणकीय नकाशे उपयुक्त ठरतात. पनवेलजवळील करंजाडे येथे सिडकोची नवी वसाहत उभी राहिली आहे. अशा ठिकाणी जुने महसुली नकाशे व उपग्रहचित्रे एकमेकांवर ठेवून गावठाण, शेते व पाणवठे यांच्या जुन्या जागा निश्चित करता येतात.

सारांश, संगणक साधनांचा शोध व तुलना सुलभ करतो. पुराव्याचे मूल्यमापन मात्र संशोधकासच करावे लागते.