तिसऱ्या घंटेनंतर

मराठी नाटकाची तिसरी घंटा झाली की प्रेक्षागृहातील दिवे मालवतात, कुजबुज थांबते आणि शेकडो अनोळखी माणसे काही घटकांपुरती एकचित्त होतात. या घंटेनंतर दुसरी कोणतीही घंटा वाजू नये, हा रंगभूमीचा साधा संकेत. खिशातील मोबाइलने तो मोडीत काढला आहे.

२०१९ साली नाशिक येथे प्रेक्षकांतील फोन वाजल्यामुळे अभिनेते सुमीत राघवन यांनी चालू प्रयोग थांबविला. त्याच वर्षी सुबोध भावे यांनी, वारंवार विनवूनही फोन वाजतच राहणार असतील तर नाटकात काम करणेच सोडावे, असा उद्वेग जाहीरपणे व्यक्त केला. नटावर रंगभूमी सोडण्याची भाषा बोलण्याची पाळी यावी, हे स्वतःस नाटकवेडा म्हणविणाऱ्या समाजाला खचितच भूषणावह नाही.

आमचे जुने प्रेक्षक मौनव्रती होते, असे नव्हे. संगीत नाटकातील पदाला पुनःपुन्हा ‘वन्समोअर’ मागून रात्र जागविणारे तेच आणि देवळासमोरच्या मांडवात दशावतारातील संकासुराला मनमुराद हसणारेही तेच. परंतु तो गलबला नाटकाला धरून होता, नटाचे बळ वाढविणारा होता. फोन मात्र माणसाला नाटकाबाहेर ओढून नेतो आणि शेजाऱ्यांनाही फरफटवतो. “नाटकात आहे, नंतर बोलतो,” असे दबक्या स्वरात सांगणाऱ्यास आपण सभ्यपणे वागलो असे वाटते. पण तेवढ्यात भोवतालच्या दहा जणांच्या हातून प्रसंग निसटलेला असतो. आवाज बंद करून अंधारात फोन उजळीत बसणाराही निर्दोष नव्हे. त्याचा उजळलेला चेहरा रंगमंचावरून नटाला स्पष्ट दिसतो.

न्यूयॉर्क शहराने २००३ साली नाट्यगृहांतील फोनवर ५० डॉलर दंडाचा कायदा केला. आपल्याकडे, मुंबईत, २०१९ मध्ये नाट्यगृहांत जॅमर बसविण्याची कल्पना पुढे आली. आम्हांला हा उपाय पसंत नाही. जॅमर उनाड फोन अडवील, तसा रुग्णासाठी डॉक्टरला आलेला फोनही अडवील. ज्याला खरीच निकड असेल त्याने कडेची खुर्ची घ्यावी, फोन आवाजाविना थरथरता ठेवावा आणि बोलावणे येताच उठून बाहेर जावे. इतरांनी तो सरळ बंद करावा. दोन-तीन तास आपल्यावाचून कोणाचे अडत नाही, हे मान्य करण्यास थोडी नम्रता लागते, इतकेच.

गोव्यात आणि कोकणात जत्रांच्या निमित्ताने आजही हौशी मंडळी नाटके उभी करतात. दिवसाची कामे आटोपून रात्री तालमी केलेल्या या कलावंतांना आपण देण्यासारखी पहिली बिदागी म्हणजे आपले अखंड लक्ष. त्याची सुरुवात मानाच्या पहिल्या रांगेने करावी. पाहुणे, पुढारी आणि गावातील वडीलधाऱ्यांनी सर्वांदेखत आपले फोन बंद केले, तर मागच्या रांगांना वेगळी सूचना देण्याची फारशी गरज उरणार नाही.