आधी टेस्टर, मग पक्कड

घरातल्या वायरिंगचं काम शिकायला आलेल्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी वायर क्वचितच येते. झिरी मारून पडलेला मलबा भरायचा, शिडी धरायची, बोर्डाचे स्क्रू सांभाळायचे आणि बघत राहायचं. हे बघणं वाया जात नाही. विजेच्या कामात हाताआधी नजर तयार व्हावी लागते.

सुरुवात रंगांपासून होते. लाल, पिवळी किंवा निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. दिव्या-पंख्याला सहसा दीड स्क्वेअर एमएम, 16 अँपिअरच्या पॉइंटला अडीच, गीझर-एसीला बहुधा चार. पाठांतर सोपं आहे. पण जुन्या घरात रंगावर विसंबणारा फसतो, कारण हाताशी दुसरी नव्हती म्हणून कुणीतरी हिरव्या वायरनंच फेज ओढलेली असते.

म्हणून टेस्टर. चांगला वायरमन मुलाला आधी चालू सॉकेट तपासायला लावतो. समोरून बघताना उजव्या भोकात टेस्टर पेटला पाहिजे, डाव्यात नाही. टेस्टर ठीक आहे हे कळल्यावर ज्या पॉइंटवर काम आहे त्याची एमसीबी पाडायची, तिथे तपासायचं आणि मग टेस्टर पुन्हा चालू पॉइंटवर लावून बघायचा. मधल्या वेळात तोच बिघडला असेल तर? दरवेळी तीनदा तपासायचं हे नव्या मुलाला कंटाळवाणं वाटतं, पण याच सवयीवर पुढे त्याचा जीव अवलंबून असतो.

खरी परीक्षा बंद पडलेल्या सॉकेटची. काहीच चालत नाही, तरी टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. मुलगा गोंधळतो. झालेलं असतं एवढंच, की न्यूट्रल मागे कुठेतरी तुटलेली असते आणि त्याच लाइनवरच्या एखाद्या दिव्याचं बटण चालू राहिलेलं असतं. फेज त्या दिव्यातून फिरून न्यूट्रलच्या वायरीत येते. दिवा लागत नाही, वायर मात्र जिवंत! बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेलं असलं तरी तोच धोका: दिवा बंद आणि होल्डरमध्ये 230 व्होल्ट.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हेही त्याच दिवशी कळायला हवं. एमसीबी जादा लोड आणि शॉर्ट सर्किटपासून वायर वाचवते. माणसाला शॉक बसला तर तेवढ्या करंटला ती सहसा पडत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. अनेक जुन्या घरांत ती नसतेच.

हे सगळं शिकायला वेळ लागतो; आयटीआयचे वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. नियमानुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं. तेव्हा कामाला आलेल्यांकडे परवाना जरूर मागा. त्यांच्याबरोबरच्या शिकाऊ मुलाला घाई करू नका. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तो कोणकोणत्या पॉइंटना जोडला आहे, हे त्यांनी विचारायच्या आत सांगा. मेन पाडली तरी त्या वायरींत वीज असते.