डब्यातलं कॅल्शियम, किटलीतलं कॅल्शियम

आमच्या शहरातल्या घाटी रुग्णालयासमोरच्या औषधांच्या दुकानात बाळाच्या दूधपावडरीचा डबा मागा. त्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नसतं. 1992 च्या कायद्याने ते बंद केलं. आईचं दूधच सर्वोत्तम, ही सूचना मात्र ठळक असते. मागे बारीक अक्षरांत कोष्टक असतं: कॅल्शियम, फॉस्फरस, लोह, जस्त, तांबं. हे आकडे येतात कुठून?

जुनी रीत भट्टीची. पावडर मुशीत घालून साधारण 550 अंशांवर जाळायची, राख आम्लात विरघळवायची, ते द्रावण ज्वालेत फवारायचं आणि कुठला धातू किती प्रकाश शोषतो ते पाहायचं. रीत भरवशाची, पण दिवस खाते.

लेसरची रीत झटपट. पावडर दाबून तिची टिकली करतात आणि तिच्यावर काही नॅनोसेकंदांचा एकेक ठोका मारतात. बारीकसा ‘चट्’ आवाज होतो, ठिणगी उडते. त्या इवल्या ठिणगीत हजारो अंशांचा प्लाझ्मा असतो, आणि तो निवताना प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश टाकतं. कॅल्शियमच्या ठळक रेषा 393 आणि 397 नॅनोमीटरच्या आसपास, सोडियमची 589 ची पिवळी. भाताचं खारट पाणी उतू जाऊन गॅसची ज्योत पिवळी होते ना, तीच ही. अशा तापलेल्या वायूत किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात, याचं सूत्र मेघनाद साहांनी 1920 मध्ये मांडलं, तेही ताऱ्यांसाठी. प्रज्ञान रोव्हरने ऑगस्ट 2023 मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळचं गंधक ओळखलं ते याच रीतीने. बाळाच्या पावडरीवर हे काम आयर्लंडमध्ये, युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या संशोधकांनी केलं आहे.

मेख अशी, की नुसत्या प्रकाशावरून मिलिग्रॅम कळत नाहीत. पावडरीतली चरबी, साखर, टिकलीचा घट्टपणा, सगळ्याने ठिणगी बदलते. आधी माहीत असलेल्या नमुन्यांवर यंत्राला पढवावं लागतं, आणि ते नमुने मोजून देते तीच जुनी भट्टी. शिवाय सगळीच मूलद्रव्यं कॅल्शियमसारखी बोलकी नसतात. अमेरिकेत 1978 मध्ये सोयाच्या एका बाळदुधात वरून घालायचं मीठ बंद झालं. क्लोराइड कमी पडलं, बाळांची भूक गेली, वजन वाढेना. 1979 मध्ये कारण सापडलं, 1980 मध्ये तिथे बाळदुधाचा स्वतंत्र कायदा झाला. आता गंमत पाहा: क्लोराइडमधलं हे क्लोरीन लेसरच्या ठिणगीत नेमकं मंद दिसतं!

तरी माझा खरा अडसर वेगळाच आहे. डबा कितीही काटेकोर मोजा, बाळ पावडर फाकत नाही. ती पाण्यात कालवून पितं. आणि आमच्या शहरात पाणी म्हणजे जायकवाडी धरणाचं नळाला येईल त्या दिवशी, एरवी टँकरचं किंवा बोअरचं.

हिशेब करून बघितला. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाप्रमाणे बाळदुधात दर 100 कॅलरींमागे किमान 50 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. कालवलेल्या 100 मिलिलिटर दुधात साधारण 67 कॅलरी, म्हणजे किमान 33 मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅल्शियमची इष्ट मर्यादा लिटरला 75 मिलिग्रॅम. दुसरा स्रोत नसेल तर 200 पर्यंत चालतं. म्हणजे जड पाणी 100 मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅम आपल्या पदरचं घालू शकतं. डब्यातल्या किमान कॅल्शियमच्या निम्म्याहून जास्त, आणि त्याची नोंद कुठल्याच कोष्टकात नाही. आईच्या दुधात 100 मिलिलिटरला जेमतेम 30 असतं, हेही लक्षात घ्या.

सिडकोत राहणारी माझी भाची चमचा सुरीच्या पाठीने सपाट करून पावडर घालते. मी पाण्याचं काढलं तर म्हणाली, “मामा, उकळूनच घेते की!” उकळल्याने जंतू मरतात. थोडं कॅल्शियमही खाली बसतं, सगळं नाही. किती बसलं ते किटली दाखवते: तळाशी खडूसारखा पांढरा थर. आठवड्याला ती चिंचेचं पाणी घालून ठेवते, मग तो फसफसून सुटतो.