डिझेलची टाकी केवढी असावी ?

ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरीं डिझेलचीं पिंपें असणें ही आतां नित्याची गोष्ट आहे. वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून घरीं कांहीं सांठा असावा हें योग्यच. परंतु टाकी केवढी असावी याचा विचार बहुधा ती आणून बसविल्यावर होतो. प्रस्तुत लेखकाचेंही तसेंच झालें. महसूल खात्यांत जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनीचे आकडे मांडले, आणि घरचा हिशेब मात्र चुकला. बारा एकरांच्या शेतीस हजार लिटरांची टाकी घेऊन ती उन्हाळ्यांत भरून ठेविली. निम्में तेलही न खपतां पावसाळा सरला. रबीचे वेळीं तळचें पाणी व गाळ यंत्रांत जाऊन इंधनपंप बिघडला, आणि हरभऱ्याची पेरणी पंधरा दिवस मागें पडली.

यावरून घ्यावयाचा धडा असा कीं, टाकी एकरांवरून ठरवूं नये, खपावरून ठरवावी. समजा, नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टरला तासीं ५ लिटर तेल लागतें व तो रोज ६ तास चालतो. रोजचा खप ३० लिटर झाला. तेल दर १० दिवसांनीं आणतां येत असेल तर ३०० लिटर, आणि रस्ता चिखलानें अडल्यास ४ दिवसांची बेगमी १२० लिटर, मिळून ४२० लिटर झाले. परंतु टाकी पूर्ण उपयोगीं पडत नाहीं. उन्हानें तेल फुगतें, म्हणून वरचा विसावा भाग रिकामा ठेवावा. आणि गाळ व पाणी तळाशीं बसतें, म्हणून खालचा दहावा भाग वापरांत धरूं नये. बाकी शेंकडा ८५ उरतात. ४२० लिटर तेल मिळण्यास सुमारें ५०० लिटरांची टाकी पुरे.

याहून मोठी टाकी घेण्यांत दोन अडचणी आहेत. पहिली कायद्याची. सन १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणें डिझेल दुसऱ्या वर्गांत मोडतें. एका जागीं एकूण सांठा २५०० लिटरांहून अधिक नसेल आणि कोणतेंही एक भांडें १००० लिटरांहून मोठें नसेल, तरच परवान्यावांचून तें ठेवतां येतें. म्हणजे २००० लिटरांची एकच टाकी परवान्यावांचून चालणार नाहीं. पेट्रोलची मुभा याहून फार थोडी आहे. त्यास हा नियम लावूं नये.

दुसरी अडचण तेलाची. अर्धवट रिकाम्या टाकींत रात्रीच्या गारव्यानें हवेंतील वाफेचें पाणी होऊन तें तळाशीं सांचतें. त्यांत सूक्ष्म जंतु वाढून बुळबुळीत साका होतो. म्हणून सहा महिन्यांत संपेल तेवढेंच तेल भरावें, आणि हंगाम नसतां थोडें थोडें आणावें.

टाकी सावलींत, घर व गंजीपासून दूर ठेवावी. तिला किंचित् उतार देऊन सखल टोंकास पाणी काढण्याची तोटी बसवावी. तेलाची नळी तळापासून वीतभर वर असावी. आंतून जस्ताचा मुलामा दिलेली टाकी घेऊं नये. डिझेलाशीं जस्ताचें पटत नाहीं.

शेवटीं मापाविषयीं. उभ्या गोल टाकींत ९० सेंटिमीटर व्यास असल्यास दर सेंटिमीटर उंचीस सुमारें ६.३६ लिटर तेल येतें. काठीवर खुणा केल्या कीं झालें. आडव्या टाकींत मात्र फसगत होते. तेल चौथाई उंचीपर्यंत दिसलें तरी तें चौथा हिस्सा नसून जेमतेम पांचवा हिस्सा असतें.

दर शनिवारीं काठी बुडवून आकडा वहींत टिपावा. एका हंगामाच्या नोंदींवरूनच आपल्यास किती टाकी लागते तें कळेल. मीं ही वही आधीं ठेविली असती तर तो हरभरा वेळेवर पडला असता.