अंधारीचा नकाशा

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी दादाचा फोन आला. "घर पाडायला देतोय. माळ्यावरचं सामान, आईच्या ट्रंका, तुला काय हवं ते बघून घेऊन जा." औरंगपुऱ्यातलं आमचं जुनं घर. बाबा २००९ साली गेले, तेव्हा मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. केली म्हणजे काय, कागद तयार होता, पेन पुढे आलं, सगळे गप्प होते. आपल्याकडे बहिणी करतात तशी मीही केली. तेव्हापासून दादाचं नि माझं बोलणं राखी, भाऊबीज आणि कुणाच्या तरी आजारपणापुरतं उरलं. खरं म्हणजे हे इथे सांगायला नको, पण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

माळ्यावर पितळी डबे होते, मोडकी सतरंजी होती, आणि ट्रंकेच्या तळाशी एक ग्राफची वही. उघडली तर पानोपानी चौकोन. आठ आडवे, आठ उभे. काही चौकोन पेन्सिलीने काळे केलेले, काहींत शिडीची खूण, काहींत फुली. वरच्या पुठ्ठ्यावर दादाच्या अक्षरात लिहिलेलं : 'नकाशे - बेबी.' बेबी म्हणजे मी. वयाच्या पन्नाशीत हे नाव कुणी घेत नाही आता.

१९९० साली मी अकरावीत होते. दादा चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब विभागात होता. त्या कारखान्यात एक कॉम्प्युटर होता आणि त्याला स्वतंत्र खोली होती. खोलीला एसी. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, देवघरात जाताना काढतो तशा! रविवारी दादा मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचा. साहेबांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मला आजतागायत माहीत नाही. दादाच्या मित्राचा भाऊ अमेरिकेत होता, त्याच्याकडून फ्लॉपीवर उतरवून आणलेला एक गेम होता. त्याचं नाव 'अल्टिमा ४'.

आता तुम्ही म्हणाल, व्हिडिओ गेम म्हणजे धाडधाड गोळ्या मारायच्या. मीही तेच समजत होते. पण ऐंशीच्या दशकात गेमची एक निराळीच जात निघाली होती, तिला रोल प्लेइंग गेम म्हणतात. भूमिका घेऊन खेळायचा खेळ. आपण भातुकलीत आई व्हायचो, वहिनी व्हायचो, लुटुपुटीच्या चुलीवर खोटा भात शिजवायचो आणि तो सांडला तर खरं रडायचो, तसंच. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा असा खेळ काढला. टेबलाभोवती चौघांनी बसायचं, कागद-पेन्सिल घ्यायची, फासे टाकायचे. एक योद्धा, एक मांत्रिक, एक चोर. कॉलेजातल्या पोरांनी तो कॉम्प्युटरवर चढवला आणि त्यातून 'रोग', 'विझर्ड्री', 'अल्टिमा' असे खेळ जन्माला आले.

त्याही आधीची एक गोष्ट मला हे सगळं वाचताना सापडली आणि ती मनातून जाईना. विल क्राउदर नावाचा एक प्रोग्रॅमर. तो आणि त्याची बायको पॅट, दोघांनाही गुहा शोधायचं वेड. केंटकी राज्यातली मॅमथ केव्ह ही शेजारच्या फ्लिंट रिज गुहांना आतून जोडलेली आहे, हे १९७२ साली सिद्ध झालं. ज्या पथकाने तो दुवा गाठला त्यात पॅट होती. त्याआधीच्या एका मोहिमेत एका अतिशय अरुंद भेगेतून सडपातळ पॅटच पलीकडे सरपटत गेली होती आणि पुढची वाट तिथूनच सापडली. गुहेत घेतलेली मोजमापं घरी येऊन कॉम्प्युटरमध्ये घालायची आणि नकाशे काढायचे, हे नवरा-बायको मिळून करत. पुढे दोघं वेगळी झाली. मुलींची आठवण यायची, त्या भेटायला आल्या की त्यांच्याबरोबर काय करायचं कळेना, म्हणून विलने १९७६च्या सुमारास त्यांच्यासाठी एक खेळ लिहिला. त्यात चित्र नाही, नुसती अक्षरं. 'उत्तरेला जा', 'दिवा घे' असं टाइप करायचं आणि गुहेतून वाट काढायची. ती गुहा खरी, नकाशाही खरा. 'कोलोसल केव्ह' या नावाने तो खेळ जगभर गेला आणि पुढच्या सगळ्या साहसखेळांचा आजोबा ठरला. बापाने मुलींसाठी रचलेला!

गुहा म्हटलं की आपल्या भागातल्या बायकांना काही नवल वाटायचं नाही. वेरूळ, अजिंठा तर आहेतच, पण मला आठवतो तो दौलताबाद. किल्ल्यावर चढताना मध्ये ती अंधारी लागते ना, कातळातून कोरलेली, वळणावळणाची, हात पुढे केला तरी न दिसणारी. पायऱ्या मुद्दाम कमी-जास्त उंचीच्या. वटवाघळांचा वास. गाईड सांगतात की शत्रूला दोन वाटांचा चकवा व्हायचा, आपलीच माणसं आपल्यावर तलवार चालवायची, आणि उजेड दिसला म्हणून धावत गेलं तर खाली खंदक. सातवीच्या सहलीत मी त्यात हात सुटून मागे राहिले होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पहिल्यांदा त्या गेममधलं तळघर पाहिलं आणि मी ओरडलेच, "दादा, ही तर अंधारी!" तिथेही मशाल लागते. मशाल संपली की काळोख.

फ्लॉपी उसनी, त्यामुळे तिच्याबरोबरची पुस्तकं आमच्याकडे नव्हती. मूळ डब्यात कापडावर छापलेला नकाशा असायचा, मंत्रांचं पुस्तक असायचं. आमच्याकडे काही नाही. म्हणून नकाशा काढणं आलं. कळफलकावर हात दादाचा, पोरींनी महागड्या मशीनला हात लावायचा नाही हा कारखान्याचा नव्हे, दादाचाच नियम. माझ्या हातात ग्राफची वही. "आता डावीकडे भिंत. आता खाली शिडी. आता चल मागे." प्रत्येक तळघराचे आठ मजले, प्रत्येक मजला आठ बाय आठ चौकोनांचा. मध्येच वीज जायची आणि शेवटचं साठवल्यानंतरचं सगळं पाण्यात. वही मात्र वीज गेली तरी वहीच राहायची. तेव्हा वाटायचं खेळतोय तो दादा, मी नुसती लिहितेय. आता वही पाहिल्यावर वाटतं, वाट तर मीच काढत होते की!

पण या खेळाचं खरं वैशिष्ट्य वेगळंच. तो केला रिचर्ड गॅरियट या तरुणाने, १९८५ साली. वय चोवीस. वडील अंतराळवीर, आई चित्रकार. त्याचा अगदी पहिला गेम प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून विकला गेला, तेव्हा वेष्टणावरचं चित्र आईने काढून दिलं होतं. 'अल्टिमा'चा तिसरा भाग त्याने स्वतःच्या कंपनीतून काढला आणि खेळणाऱ्यांची पत्रं थेट त्याच्या हातात येऊ लागली. लोक जिंकण्यासाठी काय वाट्टेल ते करत होते. दुकानदाराला मारायचं, लुटायचं, पुढे जायचं. काही पालकांच्या तक्रारी होत्या. गॅरियटला विचार पडला. त्याच सुमारास टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात त्याला हिंदूंच्या अवतारकल्पनेविषयी कळलं. आणि त्याने असा खेळ केला ज्यात शेवटी मारायला राक्षसच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, धैर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी आणायचे आणि 'अवतार' व्हायचं. हो, शब्द तोच. वेरूळच्या पंधराव्या, दशावतार लेण्यासमोर आपण चपला हातात घेऊन उभ्या राहतो, त्यातला अवतार टेक्सासच्या एका पोराने उचलला.

आपल्या लोकांना यात फार नवं वाटू नये. पैठणजवळचं आपेगाव हे ज्ञानेश्वरांचं जन्मगाव मानतात, आणि त्यांच्याच नावाने सांगितला जातो तो मोक्षपट. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. पण तिथे सगळं फाशाच्या, म्हणजे दैवाच्या हातात. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळताना दिसतात, तिथेही फासाच. गॅरियटच्या खेळात साप चावायचा तो तुमच्या करणीने. आणि चावला हे लगेच कळायचंही नाही.

उदाहरण सांगते. या खेळात मंत्र करायला सामान लागतं. लसूण, राख, कोळ्याचं रेशीम, मोती, मुळ्या. लसूण वाचून मला हसूच आलं, किराण्याची यादी जणू. हे सामान विकणारी बाई आंधळी. ती भाव सांगते आणि विचारते, किती देताय? आकडा तुम्ही टाकायचा. दहाच्या जागी एक टाकला तरी ती बिचारी आभार मानते. दादाने एक टाकला. मी म्हटलं, "असं कसं, ती आंधळी आहे." दादा म्हणाला, "अगं, ती खरी थोडीच आहे? आणि ती काही बोलली का?" नाही बोलली. पुढे कधीतरी राजवाड्यात एक द्रष्टा भेटतो, तो एकेका गुणाचा हिशेब सांगतो. प्रामाणिकपणाचं विचारल्यावर त्याने दादाला असा झापला की दोन रविवार दादाने कॉम्प्युटर लावला नाही.

बायकांचा या सगळ्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर दोन नावं सांगते. 'विझर्ड्री' काढणाऱ्या न्यूयॉर्क राज्यातल्या कंपनीत १९८१ साली पंधरा वर्षांची एक मुलगी कामाला लागली. गेममध्ये अडकलेले लोक फोन करायचे आणि ही त्यांना वाट सांगायची. तीच ब्रेंडा रोमेरो, पुढे मोठी गेम डिझायनर झाली. दुसरी जपानची रिएको कोदामा. १९८४ साली सेगा कंपनीत चित्रकार म्हणून लागली, आणि १९८७च्या डिसेंबरात आलेल्या 'फँटसी स्टार' या गेमच्या घडणीत तिचा मोठा वाटा होता. त्या काळी नायक म्हणजे तलवारवाला पुरुष आणि राजकन्या म्हणजे सोडवून आणायची वस्तू. इथे नायिका होती, अ‍ॅलिस. भावाला ठार मारलं म्हणून ती एकटी तलवार उचलून निघते. कोदामा २०२२ साली गेली. २०२० मध्ये आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने 'राजी' नावाचा गेम काढला, त्यातही एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. बहिणी भावांसाठी निघतातच म्हणा.

जपानमध्ये १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. पहिल्या भागात खेळ साठवायची सोयच नव्हती. थांबायचं तर यंत्र वीस अक्षरांचा एक मंत्र द्यायचं, तो कागदावर उतरवून घ्यायचा, उद्या तोच पुन्हा भरायचा. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत वाया. १९८८च्या फेब्रुवारीत तिसरा भाग आला तेव्हा शाळा बुडवून रांगा लावणाऱ्या मुलांना पोलिसांनी पकडलं होतं. आपल्या मुलांवर ओरडताना हे आठवावं.

आमचा खेळ अर्धाच राहिला. १९९१ मध्ये दादाने ती नोकरी सोडली, पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. आठांपैकी सहा तळघरांचे नकाशे वहीत आहेत, सातव्याचे दोन मजले.

वही घेऊन मी खाली आले. दादा अंगणात मजुरांशी बोलत होता. वही पाहून तो एकदम खालीच बसला, पायरीवर. पानं उलटत राहिला. "अजून मिळतो का गं तो गेम?" मिळतो. आता अधिकृतपणे फुकट मिळतो, भाच्याने अर्ध्या तासात लॅपटॉपवर उतरवून दिला. पुढच्या रविवारी मी दादाच्या भाड्याच्या फ्लॅटवर गेले. वहिनी म्हणाली, "काय बाई, या वयात!" आणि पोह्यांच्या ताटल्या ठेवून तीही बघायला बसली.

खेळ सुरू होताना आधी नाव विचारतो, मग पुरुष की स्त्री. दादा खुर्चीवरून उठला. "तू बस. वही मी धरतो." पुढे एक भटकी ज्योतिषीण पत्ते मांडून प्रश्न विचारते. सोन्याची थैली कुणाकडे तरी पोहोचवायची आहे, कुणी मोजलेली नाही, वाटेत भिकारी भेटतो. जशीच्या तशी पोहोचवाल की त्यातलं एक नाणं भिकाऱ्याला द्याल? असे प्रश्न संपले की तुम्ही कोण ते ठरतं. मी निघाले मेंढपाळ. सगळ्यांत दुबळं पात्र, गर्वापायी उजाड झालेल्या गावाजवळ उतरणारं. तेहेतीस-चौतीस वर्षांपूर्वी दादा योद्धा निघाला होता.

मी सध्या दर रविवारी जाते. मेंढपाळाला मार फार बसतो, पण दुसरं तळघर झालं. घराचा विषय अजून निघालेला नाही. मागच्या खेपेला निघताना दादा फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "त्या आंधळ्या बाईला मी एकदाच फसवलं होतं ना?"

"तीनदा," मी म्हटलं. "वहीत लिहिलंय."