‘पाणी’ लिहायला आठ खटके

मोबाईलवर ‘पाणी’ लिहिताना आपलं बोट चार वेळा टेकतं: प, काना, ण, दुसरी वेलांटी. क्षणाचं काम. पण सेरेब्रल पाल्सीमुळे जिला बोलता येत नाही आणि बोटही नेमकं टेकवता येत नाही, त्या मुलीने हा शब्द लिहायचा कसा?

अँड्रॉइड फोनमध्ये ‘स्विच ॲक्सेस’ नावाची सोय असते. फोनला एक बटण जोडायचं. ते कोपराने किंवा डोक्यानेही दाबता येतं. कीबोर्डवर एक चौकट ओळीओळीने आपोआप सरकते. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं. मग चौकट त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून जाते; हवं ते आलं की पुन्हा दाबायचं. एका चिन्हाला दोन खटके, म्हणजे ‘पाणी’ला आठ. क्षण चुकला, की सगळा फेरा पुन्हा.

मराठीत हा फेरा लांबतो. इंग्रजीची अक्षरं २६. आपले स्वर आणि व्यंजनंच मिळून पन्नासच्या आसपास, मात्रा वेगळ्या. ‘स्त्री’ दिसायला एक अक्षर, पण फोनच्या लेखी सहा चिन्हं, कारण दोनदा पाय मोडावा लागतो. खटके बारा.

आयआयटी मुंबईच्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डने बाराखडीचाच आधार घेतला: व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चाक उघडतं. पण त्यात बोट सरकवावं लागतं, आणि थरथरत्या हाताला तेच जड जातं. तिथेच तयार झालेल्या ‘जेलो’ ॲपमध्ये चित्राला हात लावला की फोन बोलतो. समोरच्याशी बोलायला ते उत्तम. मैत्रिणीला निरोप धाडायला किंवा अर्ज भरायला मात्र कीबोर्डच लागतो.

आयफोनवर २०१४ पासून बाहेरचे कीबोर्ड बसवता येतात. तरी पासवर्ड टाकायची वेळ आली की फोन स्वतःचाच कीबोर्ड पुढे करतो. ज्याचा हात एकाच खास कीबोर्डवर बसलाय, तो तिथे अडतो.

म्हणून मराठीसाठी असा कीबोर्ड हवा, ज्यात कळा थोड्या आणि मोठ्या असतील, चुकून झालेला स्पर्श मोजला जाणार नाही, आणि ‘पा’ लिहिताच ‘पाणी’ समोर येईल. सुचणाऱ्या शब्दांत ‘हवंय’, ‘नको’, ‘दुखतंय’ हे घरातले शब्द आधी यावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या पर्यायी पद्धतींनाही ‘संवाद’च मानलं आहे. कीबोर्ड बनवणाऱ्यांनी ते मनावर घ्यावं.

आणि आपण? समोरचा माणूस असा एकेक खटका मोजत लिहीत असेल, तर त्याचं वाक्य आपण पुरं करू नये. थांबावं. शेवटचा खटका त्याचाच असू द्यावा.